पोहायला शिकवताना राहून जाणाऱ्या गोष्टी: या चुका टाळा

उन्हाळा लागला की विदर्भातल्या गावागावांत पोरांच्या पाठीला रिकामी कॅन बांधून विहिरीत सोडतात. काही दिवसांत कॅन सुटते, पोरगं या काठावरून त्या काठाला जातं, काका म्हणतात, "आलं याला!" आणि शिकवणं तिथंच थांबतं.

विहिरीत उतरण्याआधी मोटर बघा. ऑटो स्विच असला तर लाइन येताच मोटर आपोआप सुरू होते, आणि वायर सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो. मेन स्विच पाडा, तिथं एक माणूस उभा ठेवा.

शेततळं विहिरीपेक्षा सोपं वाटतं, पण मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. कडेचा प्लास्टिक कागद ओला असतो, त्यावर शेवाळ धरतं, उतारावर पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठाशी घसरून घसरून दमतो आणि बुडतो. चारही बाजूंना खुंटीला बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले नसतील तर उतरूच नका. वर येणं जमेना तर धडपड थांबवा. पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, छाती भरून श्वास घ्या, मग हाक मारा. हे पाठीवर पडून राहणं आधी शिकवा, उड्या नंतर.

जास्त वेळ डुबकी मारायच्या पैजेत पोरं आधी भराभर श्वास घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटायच्या आतच शुद्ध हरपते, आणि काठावर कोणाला कळतही नाही.

पोळ्याला बैल धुताना एक जण घसरतो, त्याला धरायला दुसरा उडी टाकतो, मग तिसरा. बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत राहतं. काठावर पालथं पडून कासरा, बांबू, लुगडं, जे असेल ते द्या, नाहीतर झाकण लावलेली रिकामी कॅन दोराला बांधून फेका.

बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं अजिबात नको. त्यात वेळ जातो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर मान मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडानं 2 श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोरात दाबा. हेच करत राहा. 108 ला फोन दुसऱ्यानं लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.