नाकातील नळीचा रुग्ण घरी आणण्यापूर्वीची तयारी

सासूबाईंना अर्धांगवायूनंतर नाकातील, म्हणजे नाकातून जठरात अन्न पोहोचवणाऱ्या नळीसह घरी आणले, तेव्हा सिस्टरांनी सांगितलेले सारे मी वहीत उतरवून घेतले होते. तरीही सातव्या दिवशी नळी तुंबली, कारण गोळ्यांनंतर नळीतून पाणी सोडायचे मी विसरले. तो नेमका आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याचा दिवस होता. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते अडलेले असल्याने नळी बदलणारे ब्रदर (परिचारक) दुपारी तीननंतर पोहोचले आणि तोवर सासूबाईंच्या पोटात ना पेज गेली ना रक्तदाबाची गोळी. म्हणून ही यादी पाण्यापासून सुरू होते.

रुग्णाच्या उशाशी, स्वयंपाकघरात नव्हे, उकळून गार केलेल्या पाण्याचे झाकणाचे भांडे कायम भरलेले असावे. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि साठवणीच्या पाण्यात हात घालण्याची घराघरांत सवय असते, त्यामुळे हे भांडे घरातील कोणीही दुसऱ्या कामाला घेऊ नये, असे सर्वांना एकदा स्पष्ट बजावावे. अन्न देण्यापूर्वी सुमारे ३० मिलि पाणी, अन्नानंतर पुन्हा ३० मिलि, दोन औषधांच्या मध्ये १५ मिलि आणि शेवटच्या औषधानंतर पुन्हा पाणी, हा क्रम भिंतीवर लिहून चिकटवावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर दिवसभराच्या पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि हे पाणीही त्यातच मोजावे. मात्र मर्यादा आहे म्हणून शेवटचे पाणी टाळू नये. हवे तर प्रमाण कमी करून घ्यावे.

सिरींज ५० किंवा ६० मिलिची घ्यावी, आणि दोन घ्याव्यात. लहान सिरींजने नळीत दाब फार वाढतो आणि नळी फाटू शकते. चिकटपट्टी, हातमोजे, गाळणी, टॉवेल हे तर सांगायला नकोच.

नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरचा आकडा दिसतो, तो घरी आणण्यापूर्वीच लिहून घ्यावा, आणि दर वेळी अन्नापूर्वी तपासावा. आकडा बदलला असेल किंवा खोकल्याची उबळ अथवा उलटी होऊन गेली असेल, तर काहीही आत सोडू नये. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत आजही अनेक जण वापरतात, पण नळी फुप्फुसात असतानाही तसा आवाज येऊ शकतो, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. नळीतून सिरींजने ओढून काढलेल्या द्रवाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर नळी जठरात आहे असे मानता येते. परंतु आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील, तर हा आकडा फसवतो. शंका उरलीच, तर एक्स-रेला पर्याय नाही.

औषधांची पिशवी घेऊन औषधविक्रेत्यापुढे बसावे आणि प्रत्येक गोळी कुटता येते का, असे विचारावे. आम्लापासून वाचवणारा लेप असलेल्या आणि दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. त्यांच्याऐवजी दुसरा प्रकार डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. मी काय केले, तर पित्ताची लेपवाली गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र कुटली, दुधात ढवळली, नळीत सोडली आणि दार वाजले म्हणून उठून गेले. पाणी राहिले. प्रत्येक गोळी वेगळी कुटावी, वेगळी पाण्यात विरघळवावी, दुधात कधीही नाही, आणि मध्ये पाणी, शेवटी पाणी. दार वाजले तर वाजू द्यावे.

पेज पातळ आणि दोनदा गाळलेली असावी. ज्वारीच्या पिठाची पेज गरम असताना पातळ दिसते आणि कोमट होताच आळते, हे लक्षात ठेवावे. शेंगदाण्याचे कूट घालण्याचा मोह सोलापूरकराला होणारच, पण नळीच्या रुग्णासाठी तो आवरावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उरलेली पेज पुढच्या वेळेसाठी ठेवण्याची काटकसर जुलाबांना आमंत्रण देते. दोन तासांत वापरावे, नाहीतर टाकून द्यावे.

अन्न देताना आणि त्यानंतर तासभर रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंश उंच असावी. रुग्ण खाली घसरत राहतो. गुडघ्यांखाली चादरीची घट्ट वळकटी दिल्यास घसरत नाही.

एवढे करूनही नळी तुंबली, तर प्रथम ती कुठे पिळली किंवा दबली आहे का, ते पाहावे. मग कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करावे, दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये. तार घालू नये. शीतपेयही नको, त्याच्या आम्लाने नळीतील दूध अधिकच फाटते. आणि असे तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा राहिलेले पाणीच असते, हे पुन्हा लिहिते.

बाकी थोडक्यात. तोंडाने खात नसला, तरी रुग्णाचे तोंड दोन वेळा स्वच्छ करावे. पट्टी भिजली की बदलावी, नाकपुडीला चट्टा पडतो का ते पाहावे. जुलाब झाल्यास लगेच अन्न बंद न करता पातळ औषधे, स्वच्छता आणि अन्न सोडण्याचा वेग तपासून डॉक्टरांना कळवावे. अन्न चालू असताना खोकला, धाप किंवा ओठ निळे पडणे दिसताच अन्न थांबवावे, रुग्णाला बसते करावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. नळी निघून आली, तर घरी कोणीही परत घालू नये. नळी नाकातून नसून पोटावरील छिद्रातून थेट जठरात घातलेली असेल आणि ती निघाली, तर काही तासांतच छिद्र आक्रसते, म्हणून तेव्हा सकाळची वाट पाहू नये. ब्रदरांचे दोन क्रमांक ठेवावेत, एक यात्रेच्या दिवसांसाठी.