शिलाई मशीनशेजारचं पुस्तक

म्हापशाच्या बाजाराजवळच्या एका बोळात माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. आठ बाय दहाची जागा, दोन मशिनी, कटिंगचं टेबल. दोऱ्यांच्या रिळांचं जे कपाट आहे, त्याचा सगळ्यात खालचा कप्पा पुस्तकांचा. मापं द्यायला आलेल्या बायका वाकून तो कप्पा बघतात आणि विचारतात, "तुका वेळ केन्ना मेळटा गे?" म्हणजे तुला वेळ मिळतो तरी कधी? घरीदारी आम्ही कोंकणीच बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे वाचायला हात जातो तो मराठी पुस्तकाकडे. हा प्रश्न इतक्या वेळा आला की एकदा नीट उत्तर लिहून ठेवावं म्हटलं. काम सांभाळून वाचायचं असेल त्यांच्यासाठी आहे हे. ज्यांना दिवसभर मोकळा वेळ आहे त्यांनी खुशाल आपलं आपण वाचावं.

पहिली गोष्ट, वेळ बेतायला शिका. कापड कमी असलं की आपण बाह्या आखूड करतो, आडवं-उभं लावून बघतो, पण ब्लाऊज बसवतोच. माझ्याकडे दिवसातून वाचनाचे तीन तुकडे निघतात आणि तिन्हींचा पोत वेगळा आहे. म्हणून प्रत्येकाला वेगळं पुस्तक. एकच पुस्तक सगळीकडे घेऊन फिरायचं हा हट्ट मी सोडला, तेव्हापासून वाचन वाढलं.

मोठा तुकडा दुपारचा. गोव्यात दुकानं एकला बंद होतात ती साडेतीनच्या सुमाराला उघडतात. बाहेरून आलेले लोक हसतात या गोष्टीला, हसू देत. मी शटर अर्धं खाली ओढते, डबा खाते आणि मग साबणाने दोनदा हात धुते. ही दोनदाची सूचना गंमत म्हणून सांगत नाही. बांगड्याच्या हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा वास पुस्तकाला लागला की जात नाही. माझ्याकडे एक कथासंग्रह आहे, तो अजून जेवणाच्या वेळेची आठवण करून देतो. मशीनचं तेलही तसंच, बोटाला दिसत नाही आणि पानावर पिवळा ठिपका उठतो. हात पुसायला वेगळी चिंधी ठेवा. फोनवर तीन वीसचा गजर लावा, नाहीतर सारखं घड्याळाकडे लक्ष जातं.

या वेळात पंचवीस-तीस पानं होतात. म्हणून दुपारला आटोपशीर पुस्तक घ्यावं, किंवा जिथे सोडलं तिथून पुन्हा धरता येईल असं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माझी पाच दुपारींत झाली. 1955 सालचं पुस्तक, लहानसं, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. आमच्याकडे पाऊस थांबता थांबत नाही आणि तिथे पाण्यावाचून वाडी उठते; ते पुस्तक मी जुलैत वाचलं आणि बाहेर पन्हाळीचं पाणी धो धो पडत होतं. त्यातल्या अंजीच्या चोळीवरून जी भानगड होते ती वाचताना मी मात्र मनातल्या मनात माप कुणी घेतलं याचाच विचार करत बसले. धंद्याचा दोष, दुसरं काय.

दुपारचं दुसरं आवडतं म्हणजे जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. एकेक वल्ली येते, हसवते आणि जाता जाता घशात काहीतरी अडकवून जाते. दळवी आरवलीचे म्हणून सगळ्यांना माहीत, पण जन्म हडफड्याचा, म्हणजे आमच्या बार्देश तालुक्यातला. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना जरा जास्तच वेळा सांगते.

पुस्तक आवडेल की नाही याची ट्रायल दोन दुपारींची. ब्लाऊज काखेत दाटत असेल तर ते पहिल्या ट्रायललाच कळतं, पुस्तकाचंही तसंच. दोन दुपारींत सूर लागला नाही तर बाजूला ठेवते, लाज वाटून घेत नाही. काही पुस्तकं चार वर्षांनी पुन्हा काढल्यावर बसली. माप पुस्तकाचं नव्हे, माझं बदललं होतं.

दुसरा तुकडा कामातलाच. साडीला फॉल लावणं, हूक, हातशिलाई, यात डोळे गुंततात पण डोकं मोकळं असतं. त्या वेळेला कविता. एका कागदावर मोठ्या अक्षरात एक कवितेचं पान उतरून मी ते समोरच्या भिंतीला टाचणीने लावते. एका साडीच्या फॉलला एक कडवं, असा हिशेब. ओळ अडली की मान वर करून बघायचं, पुन्हा टाके घालायचे. बोरीच्या बाकीबाब बोरकरांच्या कविता या कामाला फार बऱ्या, कारण त्यांना चाल आपोआप लागते आणि पुढची ओळ आधीच्या ओळीच्या नादातून सापडते. ते मराठीतही लिहीत आणि कोंकणीतही, त्यामुळे एक साडी मराठी आणि एक साडी कोंकणी असंही मी करते. मुक्तछंद मला या पद्धतीने पाठ होत नाही. त्यात माझीच कमी असेल.

मशीन चालू असताना मात्र कविता नको. एकदा तंद्रीत डाव्या तर्जनीच्या नखातून सुई गेली आहे.

काही दिवस वाचन होत नाहीच, ते आधीच मान्य करावं. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, दुपारीही शटर खाली येत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा महिना म्हणजे गळ्यापर्यंत काम. अशा वेळी पुस्तक अर्ध्यात राहतं आणि महिन्याने उघडलं की कोण कुणाचा कोण ते आठवत नाही. त्यावर माझा उपाय असा: पुस्तक ठेवताना जुन्या बिलाच्या पाठीवर चार ओळी लिहायच्या. कोण कुठे आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, आणि पुढे काय होईल असं मला वाटतं. ही शेवटची ओळ मजेची. बहुतेक वेळा माझा अंदाज चुकतो आणि त्या चुकीपायीच पुस्तक पुन्हा हातात घेते. खूण म्हणून कापडाची उरलेली पट्टी घाला, पण कच्च्या रंगाची नको. दमट हवेत लाल रंग पानावर उतरतो.

दमट हवेचं निघालंच आहे तर पुस्तकं टिकवायचं सांगते, कारण गोव्यात वाचणाऱ्याचं निम्मं काम तेच आहे. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी हौसेने सगळी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवली. चवथीनंतर उघडली तर पाठीवर हिरवी-पांढरी बुरशी. पिशवीने बाहेरची ओल आत येऊ दिली नाही, तशी आतलीही बाहेर जाऊ दिली नाही. तेव्हापासून प्लॅस्टिक बंद. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं, पुस्तकं दाटीने न कोंबलेली, पावसात एखाद्या कोरड्या दिवशी दारं उघडून पंखा सोडलेला. बुरशी दिसलीच तर पुस्तक घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकायचं, नाकाला फडकं बांधून, आणि सावलीत उभं उघडून ठेवायचं. उन्हात टाकलं तर पानं वाकतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला मी ठेवते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर पुस्तकाला चिकटून नकोत. आणि कसर का लागते हे साड्यांनी मला शिकवलं: खळ केलेल्या साडीला ती आधी लागते. पुस्तकाच्या जुन्या बांधणीतही खळच असते.

आता माझ्या खास प्रांतातली गोष्ट. दिवाळी अंक, पातळ पुस्तिका, जुनी मासिकं यांना मधोमध दोन पिना मारलेल्या असतात. आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत त्या गंजतात, भोवतीचा कागद तपकिरी होऊन खातो आणि मधलं पान सुटून हातात येतं. पिना काढून अंक शिवून घ्यावा. पण मशीनवर कधीही नाही. मी तो शहाणपणा केलेला आहे. एका जुन्या पुस्तकाची पानं सुटत होती म्हणून समासातून सरळ मशीन मारली, टाका बारीक, दिसायला सुरेख. तिसऱ्यांदा उघडताना त्या शिलाईवरून पोस्टाच्या तिकिटासारखी पानांची चळत फाटून आली. बारीक टाक्याने कापड घट्ट होतं, कागद कापला जातो.

हाताने असं करा. अंक मधोमध उघडा. पिनांचे पाय आतल्या बाजूने बोथट चाकूने उभे करा आणि पिन बाहेरून ओढा. आतून ओढली तर कागद येतो बरोबर. घडीवरच तीन भोकं पाडायची, एक मध्ये, एक वर, एक खाली, टोकांपासून अंगठाभर आत. भोकं टोच्याने आधीच पाडा, सुईने जोर करू नका. दोरा मशीनचा नको, तो बारीक असतो आणि कागदात रुततो. गोधडीचा जाड सुती दोरा घ्या, अंकाच्या अडीच पट लांब, आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा म्हणजे गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, शेपटी आत चार बोटं सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या अंगाने सरळ खाली जाऊन खालच्या भोकातून बाहेर. आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता तुमची दोन्ही टोकं आत आहेत आणि मधून एक लांब उभा दोरा गेलाय. एक टोक त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे घ्या आणि त्या दोऱ्याला कवेत घेऊन गाठ मारा. दोरा ओढायचा तो घडीच्या दिशेने, वर उचलून ओढला की भोक फाटतं. बस्स, दहा मिनिटांचं काम.

जाड पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, एकमेकांना शिवायचे त्याला बाइंडर जुजबंदी म्हणतात. ते मी करते, पण लिहून शिकवता येणार नाही. समोर बसावं लागेल. नुसत्या डिंकाने चिकटवलेली हल्लीची पुस्तकं शिवायच्या फंदात पडू नका. त्यांना घडीच नसते.

पुस्तकं आणायची कुठून? सगळी विकत घेणं मला झेपत नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं. म्हापशाहून कदंबची शटल बस, उतरलं की चालत. महिन्यातून एकदा अस्तर आणि लेस आणायला पणजीला जाते तेव्हा तिथेही जाते.

उसनी द्यायची तर मापवहीत लिहून द्या. मी फार उशिरा शिकले. पंडित महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' एका ओळखीच्या बाईने नेलं, कुणी ते आठवत नाही, आणि परत आलंच नाही. सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावच्या माणसाचं आत्मचरित्र, आमच्या घरातलं लाडकं पुस्तक. त्यांच्या पत्नी सुधाताईंना 1955 साली अटक झाली ती याच म्हापशात, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या अधिवेशनाचं भाषण करताना. पुस्तक पुन्हा मिळवलं, पण त्यात माझ्या वडिलांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या त्या गेल्या. आता ब्लाऊजपीसला जशी चिठ्ठी लावते तशी पुस्तकाला लावते: नाव, तारीख, परत कधी. उंची, छाती, कंबर यांच्या खाली एका रकान्यात 'दळवी, 1' असं लिहिलेलं असतं. शिवलेला ब्लाऊज न्यायला येतील तेव्हा पुस्तक आणावंच लागतं.

तिसरा तुकडा रात्रीचा, जेवणानंतरचा अर्धा तास, आणि तो माझ्या एकटीचा नाही. सासूबाईंना हल्ली अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते. ऐकणाऱ्यासाठी वाचायचं असेल तर बोललेलं वाटणारं पुस्तक घ्या. वर्णनांची पानंच्या पानं असली की त्या झोपतात आणि मीही. 'स्मृतिचित्रे' आमचं तिसऱ्यांदा चाललंय. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागांनी छापून आलं आणि 1936 मध्ये त्या गेल्या, पण वाचताना बाई ओसरीवर बसून सांगतायत असंच वाटतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा छळ आला की सासूबाई हसतात, कारण त्यांच्या माहेरीही तसलं एक माणूस होतं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तो भाग आला की हसत नाहीत. आमच्या शेजारी दोन्ही बाजूंना ख्रिस्ती घरं, नाताळचे फ्रॉक माझ्याकडेच शिवायला येतात. तरी त्या पानांवर सासूबाई गप्प होतात आणि पुढचं लवकर वाच म्हणतात.

वाचताना मध्ये बोललेलं चालतं. उलट बोलू द्यावं. फक्त जिथे थांबलो तिथे चिंधी घालायला विसरू नका, कारण ऐकणाऱ्याला ओळ अचूक आठवते आणि आपल्याला नाही. टिळक लहर लागली की घर सोडून चालू लागत. परवा मी नेमकी तिथेच थांबले, दुसऱ्या दिवशी चार ब्लाऊज द्यायचे होते. तेव्हापासून काम संपेना आणि वाचन होईना. काल ताटं उचलता उचलता सासूबाईंनी विचारलं, "तो टिळक पावलो गे घरा?"

"ना अजून," म्हटलं, आणि चष्मा शोधायला गेले.