सदाशिव पेठेचा पिनकोड कसा फोडायचा
४११०३०, आपल्या सदाशिव पेठेचा पिनकोड, चहा येईपर्यंत कागदावर मूळ अवयवांत फोडून बघा. शेवटी शून्य म्हणजे २ आणि ५ ने जाणारच, आकड्यांची बेरीज ९ म्हणून ९ नेपण जातो, तर डायरेक्ट ९० ने भागा. उत्तर ४५६७, ओळीने आकडे, मी तर दोनदा चेक केलं राव! आता याला ७ पासून ६७ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघायच्या, पुढे जायची गरज नाही कारण ६८ चा वर्गच ४६२४ होतो. जरा कंटाळवाणं काम आहे पण शॉर्टकट मारू नका. ६७ ने ११ उरतात, बाकी कशानेच जात नाही, म्हणजे ४५६७ मूळच. तर ४११०३० = २×३²×५×४५६७. विभाजक मोजायचे तर घातांकांत (१, २, १, १) १-१ मिळवून गुणा, २×३×२×२, झाले २४.