दरड हटवण्याआधी: रस्तादुरुस्तीच्या निधीसाठी काय काय हाताशी ठेवावं

रस्त्यावर दरड आली की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो, आणि तो जायलाच हवा. पण बकेट मातीत घुसण्याआधी दहा मिनिटं टेप आणि मोबाइलला द्या. एकदा माती दरीत ढकलली की नुकसान किती होतं हे कागदावर सिद्ध करणं फार अवघड जातं.

त्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, रस्ता कोणाचा हे पाहून ठेवा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता पाच वर्षांच्या आत असेल, तर देखभालीचा करार आधी वाचा. खरी अडचण वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांची. वर्षानुवर्षं रिक्षा जाते, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद नाही आणि जमीन सातबाऱ्यावर अजून खाजगीच. अशा रस्त्याचा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडतो. बक्षीसपत्र किंवा संमती आणि ग्रामसभेचा ठराव पावसाआधी करून घ्या.

मग कारण. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी साधारणपणे केंद्राच्या यादीतली आपत्ती लागते: चक्रीवादळ, पूर, दरड, ढगफुटी वगैरे. नुसतं उधाण त्या यादीत नाही. किनाऱ्यालगतचा भराव वादळात वाहून गेला असेल, तर वादळाचं नाव आणि तारीख पंचनाम्यात हवीच, जसं 3 जून 2020 चं निसर्ग. अतिवृष्टीसाठी आपल्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्याची नोंद तहसीलमधून घ्या. शेजारच्या मंडळाचा आकडा चालत नाही. पंचनाम्याची तारीख आणि पावसाची तारीख जुळते ना, हे स्वतः तपासा.

मोजमापात सगळ्यात जास्त चूक ढिगाच्या उंचीची होते. दरडीचा ढीग डोंगराच्या बाजूला उंच आणि दरीकडे उतरता असतो. 20 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि डोंगराकडे 3 मीटर उंच ढीग 300 घनमीटर लिहिला जातो. उतार सरळ धरला तर सरासरी उंची 1.5 मीटर, म्हणजे माती 150 घनमीटर. पुढे डंपरच्या खेपा जुळत नाहीत आणि अख्ख्या प्रस्तावावर संशय येतो. म्हणून तीन ठिकाणी आडवे छेद मोजा. फोटोत टेप किंवा माणूस उभा हवा, किलोमीटरचा दगड किंवा साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) दिसायला हवा, आणि अक्षांश-रेखांश व वेळ उमटायला हवी. त्याच जागेचा पावसाआधीचा फोटो असेल तर फारच उत्तम. मोऱ्यांचे तर एप्रिलमध्येच काढून ठेवा, कारण तुंबलेली मोरी दिसली की नुकसान आपत्तीचं की देखभालीच्या हलगर्जीचं, हा प्रश्न येतोच.

अंदाजपत्रकात शब्द जपून वापरा. या निधीतून तातडीची दुरुस्ती होते: भगदाडं आणि खड्डे भरणं, पाण्याला वाट द्यायला पाइप टाकणं, फुटलेली मोरी दुरुस्त करणं, पर्यायी वळण रस्ता, पुलाचा जोडरस्ता आणि कठडे, वाहून गेलेल्या भागावर खडी-मुरुमाचा थर. रुंदीकरण, नवं काँक्रिटीकरण किंवा कॉजवेच्या जागी उंच पूल त्याच कागदात घातला, की मंजूर होण्यासारखा भागही परत येतो. जांभ्याखालची मऊ माती सुटून रस्ता खचला असेल, तर लांब संरक्षक भिंतीशिवाय तो टिकणार नाही हे खरं. पण तिचा प्रस्ताव वेगळा, पुनर्बांधणीच्या निधीसाठी किंवा जिल्हा नियोजनातून करा. दर चालू राज्य दरसूचीतलेच धरा.

शेवटी, त्याच साखळी क्रमांकावर 3054 या रस्ते-पूल देखभालीच्या लेखाशीर्षाखाली, आमदार निधीतून किंवा वित्त आयोगातून काम मंजूर नाही, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड त्यानेच दुरुस्त करायचा असतो) संपला आहे, असं उपअभियंत्यांचं प्रमाणपत्र जोडा. त्याची एक सही-शिक्क्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फाइलमध्येही राहू द्या.