स्तनाच्या कर्करोगातली साखर: लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

पुण्यात कॅन्सर बायोलॉजीत पीएचडी किंवा एमएस्सीचं प्रोजेक्ट करायला येणारी बरीच मुलं वॉरबर्ग इफेक्ट पाठ करून येतात. ऑक्सिजन हाताशी असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) करत सुटतात, हे ऑटो वॉरबर्गनं १९२०च्या दशकात दाखवलं. मुलाखतीत एवढ्यावर निभावतं. काम सुरू झालं की मात्र विचारलं जातं: कोणत्या गाठीत, कोणतं एन्झाइम, आणि ते खरोखर किती काम करतंय?

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. एमसीएफ-७ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारं प्रोटीन) असतो, एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या पेशी ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर२ हे तीनही रिसेप्टर नसलेल्या, असतात आणि त्यांचा ग्लुकोजवर भर साधारणपणे जास्त. बेसल प्रकारच्या (बहुतेक ट्रिपल निगेटिव्हच असणाऱ्या) गाठींत एफबीपी१ हे उलट्या दिशेनं, म्हणजे ग्लुकोज बनवण्याच्या वाटेवर काम करणारं एन्झाइम दाबलं जातं आणि ग्लायकोलिसिसला, म्हणजे ग्लुकोज पायरीपायरीनं फोडण्याच्या वाटेला, मोकळं रान मिळतं. इस्ट्रोजेन रिसेप्टर नसलेल्या काही गाठींत पीएचजीडीएच या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. तिथे ग्लायकोलिसिसमधलाच माल सेरीन हे अमिनो आम्ल बनवायला वळवला जातो. तेव्हा ‘ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साखरेची एन्झाइम वाढतात’ असं सरसकट वाक्य सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) लिहू नका.

पायरुव्हेट कायनेज एम२ या ग्लायकोलिसिसच्या शेवटच्या पायरीवरच्या एन्झाइमवर थोडं थांबतो, कारण नवी मुलं इथेच अडखळतात. हे एन्झाइम गाठींत भरपूर दिसतं, म्हणून तेच गाठ वाढवतं असं वाटतं. पण २०१३ साली उंदरांच्या स्तन-कर्करोगाच्या मॉडेलमध्ये ते काढून टाकलं, तर गाठी थांबल्या नाहीत, उलट लवकर आल्या. एम२चं काम मुळात संथ चालू शकतं, त्यामुळे वरचा माल तुंबतो आणि नव्या पेशी उभारायला वापरता येतो, अशी मांडणी केली जाते. त्याच वर्षी हेक्सोकायनेज २ हे पहिल्या पायरीवरचं एन्झाइम काढल्यावर मात्र उंदरांतल्या गाठी मंदावल्या. म्हणजे एन्झाइम दिसणं वेगळं आणि गाठीला त्याची गरज असणं वेगळं.

म्हणून वेस्टर्न ब्लॉटवरचा (प्रोटीन किती आहे हे दाखवणाऱ्या चाचणीतला) जाड बँड पाहून हुरळून जाऊ नका, ॲक्टिव्हिटी मोजा. पायरुव्हेटचं लॅक्टेट करणाऱ्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजपासून सुरुवात करणं सोपं. लाइसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) बर्फात ठेवायचं, मोजणीच्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक नळीत) त्यातलं थोडं, पायरुव्हेट आणि एनएडीएच (हा प्रकाश शोषणारं आणि अभिक्रियेत खर्ची पडणारं द्रव्य) घालायचं आणि ३४० नॅनोमीटरवर रीडिंग उतरताना बघायचं. सुरुवातीचा सरळ उतार तेवढाच धरायचा. पुढे रेषा वाकते, कारण क्युव्हेटमधला माल संपत आलेला असतो. आकडा नेहमी प्रोटीनच्या मिलिग्रॅममागे लिहायचा. फ्लास्कमधलं गुलाबी मीडियम पिवळं पडलं की पेशी लॅक्टेट ओततायत हे डोळ्यांनाच कळतं, पण पेशी दाट झाल्या तरी ते पिवळं पडतं. आणि हाय ग्लुकोज डीएमईएम या पेशी वाढवायच्या मीडियममध्ये लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं, उपाशीपोटीच्या रक्तात जेमतेम एक ग्रॅम. निष्कर्ष लिहिताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

घरी, सोसायटीत तुम्हाला एक प्रश्न हमखास येणार: “मग चहातली साखर बंद केली तर गाठ बरी होते का?” नाही होत. साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी राखतं. केमो चालू असलेल्या काकूंचं जेवण कुणी आपल्या बोलण्यावरून तोडू नये, एवढी काळजी घ्या. आहाराचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. गाठी शोधणाऱ्या पेट स्कॅनचं मात्र जरूर समजावून सांगा, लोकांना ते पटकन कळतं: किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य पेशीत शिरतं, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि ते तिथेच अडकतं.

पेशी शक्यतो शेजारच्या लॅबमधून मागून आणू नका. पुणे विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे, तिथून रीतसर मागवा. आल्यावर आधी मायकोप्लाझ्मा या पेशींत गुपचूप वाढणाऱ्या जंतूची तपासणी करा. तो जंतू पेशींच्या चयापचयात ढवळाढवळ करतो, आणि तुम्ही मोजलेलं लॅक्टेट नक्की कुणाचं हे मग सांगता येत नाही.