अणुचाचणीच्या बेटांवरच्या जुन्या इमारती सॅटेलाइट फोटोत कशा ओळखायच्या

पॅसिफिक महासागरातल्या मार्शल आयलंड्समधल्या एनेवेटाक आणि बिकिनी या दोन कंकणद्वीपांवर (कंकणद्वीप म्हणजे कड्यासारखी गोल मांडलेली प्रवाळाची बेटं) अमेरिकेने 1946 ते 1958 मध्ये एनेवेटाकला 43 आणि बिकिनीला 23 अणुचाचण्या केल्या, आणि बऱ्याच चाचण्यांआधी तिथे मोजमापासाठी काँक्रीटच्या इमारती बांधल्या गेल्या. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत आणि घरबसल्या बघता येतात, फक्त काय बघतोय ते कळायला हवं. नाहीतर झुडपात एक करडा चौकोन दिसतो आणि आपण पुढे सरकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या इमारतींच्या जाड भिंती बहुतेक वेळा माणसांसाठी नव्हत्याच, फिल्मसाठी होत्या. स्फोटाचा पहिला सिग्नल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात येऊन जातो, तो ऑसिलोस्कोपच्या (विजेचा सिग्नल रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर उमटायचा आणि समोरचा कॅमेरा त्याचा फोटो घ्यायचा. मग धक्क्याची लाट आणि रेडिएशन या दोन्हींतून ती फिल्म वाचली पाहिजे, कारण रेडिएशनने फिल्म काळी पडते. म्हणून एवढं काँक्रीट, शिसं, वर वाळूचा ढीग, आणि स्फोटाच्या वेळी आत कोणीही नाही.

एकदा हे कळलं की शोधायचं काय तेही कळतं. इमारत नंतर, आधी खड्डा शोधा. गूगल अर्थ उघडा, एनेवेटाकच्या उत्तर टोकाला जा, साधारण 11.67 उत्तर आणि 162.19 पूर्व. रीफमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या उथळ पट्ट्यात, गडद निळा गोल दिसेल, तिथे एलुगेलाब नावाचं बेट होतं. 1 नोव्हेंबर 1952 ला 'माइक' नावाच्या 10.4 मेगाटनच्या (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीइतका स्फोट) चाचणीत ते बेटच गेलं, मागे जवळपास 1.9 किलोमीटर रुंदीचा खड्डा राहिला.

आता त्या खड्ड्यापासून रीफच्या कडेकडेने पूर्वेला बोगोन बेटाकडे या. या रांगेतली बेटं भराव टाकून जोडली होती आणि त्यावरून सुमारे 2.7 किलोमीटर लांब प्लायवूडची चौकोनी नळी नेली होती, आत हेलियमने भरलेल्या पिशव्या. हवा गॅमा किरण आणि न्यूट्रॉन अडवते, हेलियम त्या मानाने फारच कमी, म्हणून हा सगळा खटाटोप. दुसऱ्या टोकाला बोगोनवर मोजमापाची इमारत. नळी अर्थातच त्या स्फोटात गेली, पण ती टिकायची गरजच नव्हती, सिग्नल तिच्या नाशाच्या आधीच पोचलेला असतो. मला या सगळ्या बांधकामातला हाच भाग सगळ्यात थक्क करणारा वाटतो, महिनोन् महिने बांधायचं आणि वापर डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलेला. म्हणून एखादा चौकोन दिसला की त्यापासून खड्ड्यापर्यंत सरळ रेषा मारून बघा, मध्ये काही अडत नसेल आणि इमारतीची एक बाजू त्या रेषेकडे तोंड करून असेल तर ती मोजमापाची असण्याची शक्यता भरपूर.

माणसं असलेला बंकर वेगळा असतो, तो लांब असतो. बिकिनीला 1 मार्च 1954 च्या 'ब्राव्हो' चाचणीत फायरिंगचा बंकर, म्हणजे जिथून स्फोट घडवला तो, एन्यू बेटावर होता, स्फोटापासून तब्बल 30 किलोमीटरहून जास्त लांब, वाळूखाली गाडलेला. स्फोट अपेक्षेच्या अडीचपट निघाला, 15 मेगाटन, आणि आतले लोक बाहेरच्या रेडिएशनमुळे काही तास अडकून पडले, शेवटी अंगावर चादरी गुंडाळून हेलिकॉप्टरपर्यंत गेले.

एनेवेटाकच्या एन्जेबी बेटावरच्या इमारतींनी गोंधळ होऊ शकतो. तिथे 1951 च्या 'ग्रीनहाउस' मालिकेत काही इमारती मुद्दाम धक्का खाण्यासाठीच बांधल्या होत्या, स्फोटात बांधकामाचं काय होतं ते बघायला. म्हणजे मोडकी इमारत दिसली तर ती फसलेली समजू नका.

काँक्रीटकडेही नीट बघा. खडी बहुतेक तिथल्याच कोरलची, सिमेंट आणि लोखंड जहाजाने आणलेलं, आणि खारट हवेत सळई गंजून फुगते, मग वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. जवळून काढलेल्या फोटोत तपकिरी ओघळ आणि उघड्या सळया दिसतात त्या बहुतेक गंजाच्या, स्फोटाच्या नाही.

या चाचण्यांचे जुने अहवाल शोधायचे असतील तर नावांची यादी हाताशी ठेवा. चाचणीवाल्यांनी बेटांना टोपणनावं दिली होती, एलुगेलाब म्हणजे फ्लोरा, बोगोन म्हणजे आयरीन, एन्जेबी म्हणजे जॅनेट, रुनिट म्हणजे इव्हॉन, आणि मुख्य कॅम्प होता ते पॅरी बेट म्हणजे एल्मर. शिवाय एनेवेटाकचं स्पेलिंग 1974 पर्यंत वेगळं होतं, Eniwetok. जुनं नाव टाकलं नाही तर निम्मे कागद सापडतच नाहीत.

एनेवेटाकच्याच रुनिट बेटावर मोठा गोल घुमट दिसेल, तो मोजमापाचा नाही. 1958 च्या 'कॅक्टस' चाचणीच्या खड्ड्यात 1977 ते 1980 मध्ये दूषित माती आणि मोडतोड भरून वर काँक्रीटचं झाकण घातलंय. आणि हे सगळं बघताना बेटांवर आधी लोक राहत होते हे विसरू नका, बिकिनीच्या लोकांना 1946 ला आणि एनेवेटाकच्या लोकांना 1947 ला हलवलं होतं. एनेवेटाकचे लोक 1980 ला परतले तेही दक्षिणेकडच्या बेटांवर.

हीच पद्धत ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टे बेलो बेटांना लावायची तर एक फरक लक्षात घ्या. ब्रिटनची 3 ऑक्टोबर 1952 ची पहिली चाचणी 'प्लिम' या जहाजाच्या पोटात झाली, त्यामुळे रेषा जमिनीवरून नाही तर पाण्यातल्या त्या जागेपासून मारावी लागते.