ताय ची शिकताय? आधी पाय बघा, हात नंतर (या चुका टाळा)

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाला आम्ही सात-आठ जण ताय ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, करतो, मला नऊ वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं आणि चुका मात्र त्याच असतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वजन असलेला पाय जागच्या जागी पिळणं. २४ फॉर्ममध्ये, म्हणजे चोवीस मूव्ह्जच्या ठरलेल्या क्रमात, सुरुवातीलाच ‘रानघोड्याची आयाळ दुभागणं’ नावाची मूव्ह येते, डावी-उजवी-डावी अशी तीनदा. डावा पाय पुढे, जवळजवळ सत्तर टक्के वजन त्याच्यावर, आणि पुढचं पाऊल टाकायला आता तोच पाय बाहेर वळवायचा. लोक काय करतात, वजन तसंच ठेवून पाऊल घासत वळवतात. पाऊल जमिनीला चिकटलेलं, कंबर फिरलेली, आणि मधल्यामधे पिळला जातो गुडघा. तो बिजागरीसारखा, वाकायचं आणि सरळ व्हायचं एवढंच त्याचं काम, फिरायचं काम खुब्याचं आहे.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मी जाड सोलचे, भरपूर ग्रिपवाले रनिंग शूज घालून खरखरीत गच्चीवर रोज तास-तासभर तीच मूव्ह घोटत होते. तिसऱ्या महिन्यात जिना उतरताना उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला, मला वाटलं नवीन व्यायाम आहे, होईल सवय, आणि मी थांबले नाही. मग एके दिवशी वळताना अशी चमक आली की तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसले. डॉक्टरांनी सहा आठवडे सगळं बंद करायला सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. त्या वर्षी गौरी-जेवणाला सगळे पाटावर आणि मी एकटी खुर्चीत.

आता मी काय करते सांगते. वळायच्या आधी मागच्या पायावर पूर्ण बसायचं, पुढचा चवडा उचलायचा, खुब्यातून पंचेचाळीस अंश वळवायचं, पाऊल टेकवायचं आणि मगच वजन आणायचं. पाय खरंच रिकामा, म्हणजे बिनवजनाचा, झालाय का हे बघायला तो अर्धा इंच उचलून बघा, धड हललं तर झाला नाहीये. यांग घराण्यातले ताय ची गुरू यांग चंगफू यांच्या दहा सूत्रांत भरलेला आणि रिकामा पाय वेगळा ओळखणं चौथ्या नंबरवर आहे, पण ताय चीमधली पहिली गोष्ट हीच असं तिथेच म्हटलंय. आणि बूट पातळ, सपाट तळाचे घ्या, साधे कॅनव्हासचे चालतात.

दुसरी चूक व्हिडिओची. शेजारच्या विंगमधले एक काका आले ते फॉर्म पाठ करूनच, दहा दिवसांत चोवीसच्या चोवीस मूव्ह्ज! सगळे डावीकडे वळलो की हे उजवीकडे. शिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून होता आणि यांनी आरशात बघावं तशी नक्कल केलेली, म्हणजे सगळा फॉर्म उलटा. फॉर्म उलटा करण्यात तसं वाईट काही नाही, पण ग्रुपमध्ये दोनदा माझ्या अंगावर आले, आणि ते मोडायला त्यांना अडीच महिने लागले, शिकायला दहा दिवस! त्यांचा रडवेला चेहरा बघवत नव्हता, माणूस खरंच मनापासून करणारा. व्हिडिओ बघायचाच तर पाठमोरा शूट केलेला बघा आणि आठवड्याला एकच मूव्ह घ्या. मुळात यांग घराण्याचा लांब फॉर्म १०८ मूव्ह्जचा मोजतात, तो लोकांना जड जातो म्हणून चीनच्या क्रीडा विभागाने १९५६ साली हा चोवीसचा करून दिला. एवढं सोपं केलेलं आठवड्यात उरकायची घाई कशाला, मला खरंच कळत नाही.

बाकीच्या चुका भराभर. दोन्ही पावलं एका रेषेत ठेवू नका, तोल जाणारच, रेल्वेच्या दोन रुळांवर उभे आहात असं समजा. खांदे कानाला लावू नका. श्वास मोजू नका, मूव्हशी जुळवायला तर मुळीच जाऊ नका, तो आपोआप जुळतो, त्याला महिने लागतात. फोटोतल्यासारखं खाली बसायचा हट्ट नको, गुडघा चवड्याच्या पुढे जात नाही आणि आत पडत नाही एवढंच खाली जा. सैल म्हणजे लुळं नाही, मनगट लोंबकळत ठेवू नका.

नवीन माणसाला मी पहिले पंधरा दिवस हात कमरेवर ठेवून फक्त चालायला लावते, टाकीपासून जिन्यापर्यंत आणि परत, एकेक पाऊल रिकामं करत. बरेच जण चौथ्या दिवशी येत नाहीत, वाईट वाटतं, पण मी हे बदलणार नाही. आमच्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या काकू महिनाभर नुसत्या चालल्या, हात त्यांना मी नंतर शिकवले, आणि आज वळताना सगळ्यात स्थिर त्याच असतात.

आणि मांडी भरून आली, थरथरली तर चालेल, पण गुडघ्यात दुखलं की त्याच क्षणी थांबा, त्या दिवशी परत करू नका, चार दिवसांनीही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.